धुराची चव : बाम्बेर्ग शहरांतील तीन महिने

एखाद्या परक्या शहरीं चार दिवस जाऊन आलेला मनुष्य तेथील देवालयें, राजवाडे व पूल यांचें वर्णन करतो. परंतु ज्यास तेथें दोन-तीन महिने बिऱ्हाड करून राहावें लागतें त्याचें लक्ष निराळ्याच गोष्टींकडे जातें. दूध कोठें मिळतें, पाव कोणत्या दुकानांतला चांगला, शेजारीपाजारी संध्याकाळीं कोठें जमतात आणि जमून काय खातात-पितात, हें त्याला आधीं कळतें व इतिहास मागाहून. जर्मनींतील बाम्बेर्ग या शहरीं राहणाऱ्यास तर हा क्रम टाळतांच येत नाहीं. कारण तेथें इतिहास आणि संध्याकाळचें पेय हीं एकाच पेल्यांत भेटतात. तें पेय म्हणजे बिअर. या नांवानें आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं भुवया उंचावतील हें मी जाणून आहें. आमच्या घरीं त्या उंचावल्याच होत्या. तथापि एक गांव आपलें एक हस्तकौशल्य शतकानुशतकें कसें जपतें, आणि जी वस्तु आपण उंबऱ्याबाहेर ठेवली ती दुसऱ्या कोणीं घराच्या मध्यभागीं ठेवून कशी सांभाळली, हें पाहण्यासारखें आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी कन्या बाम्बेर्गच्या विद्यापीठांत संशोधन करीत आहे व जांवई त्याच भागांतील एका कारखान्यांत अभियंता आहेत. २०२४ सालच्या एप्रिलमध्यें आम्ही उभयतां नव्वद दिवसांच्या परवान्यावर त्यांच्याकडे राहावयास गेलों. त्यांचें बिऱ्हाड ज्या भागांत आहे त्यास तेथील लोक 'माळ्यांचें नगर' म्हणतात. भर वस्तींत, रस्त्यावरील घरांच्या ओळीमागें, भाजीचे लांबच लांब मळे अजून पिकत आहेत. पूर्वीं येथें ज्येष्ठमध होत असे. आणि कांदे तर इतके कीं, आजूबाजूच्या गांवांनीं बाम्बेर्गकरांस 'कांदे तुडविणारे' असें नांव ठेवलें. कांदा पोसावा म्हणून हे माळी त्याची पात पायांनीं आडवी करीत, त्यावरून तें पडलें. बोटाएवढा, वांकडा, शिंगासारखा एक बटाटाही येथें होतो. आम्हां शाकाहारी माणसांचा त्या तीन महिन्यांत तोच मोठा आधार होता.

शहराची लोकवस्ती ऐंशीं हजारांच्या आंतबाहेर. म्हणजे आमच्या सांगलीहून लहानच. रेग्निट्झ नदीच्या दोन प्रवाहांवर व सात टेकड्यांवर तें वसलेलें असल्यामुळें त्यास फ्रांकोनिया प्रांताचें रोम म्हणण्याची चाल आहे. सम्राट दुसरा हाइन्रिख यानें १००७ सालीं येथें धर्मपीठ स्थापिलें. टेकडीवरील चार मनोऱ्यांच्या कॅथीड्रलमध्यें तो व त्याची राणी कुनिगुंडे यांची समाधि आहे. जुनें नगरभवन तर नदीच्या मध्यावरच उभें आहे. दंतकथा अशी कीं, बिशपनें नागरिकांस नगरभवनासाठीं हातभर जमीन देण्याचें नाकारलें. तेव्हां त्यांनीं नदींत खांब रोवून स्वतःची जमीन निर्माण केली. तत्त्वज्ञ हेगेल १८०७-०८ मध्यें याच गांवीं एका वृत्तपत्राचा संपादक होता. दुसऱ्या महायुद्धांत या शहराची फारशी हानि झाली नाहीं, आणि १९९३ सालीं युनेस्कोनें त्याच्या जुन्या भागास जागतिक वारशांत स्थान दिलें.

या गांवांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बिअर करणारीं साठांहून अधिक घरें होतीं. आज दहा-बारा उरलीं आहेत. 'घरें' हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. आपल्या डोळ्यांपुढें कारखाना येतो. परंतु येथें रस्त्यावर एक दार, दारांतून आंत गेल्यावर लांकडी मेजांची खोली, तिच्यामागें चौक, चौकापलीकडे तांब्याची कढई, आणि वरच्या मजल्यावर मालकाचें कुटुंब, अशी रचना पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. श्लेंकर्ला या घराचा पहिला उल्लेख १४०५ सालचा आहे. तें आतां एकाच घराण्याच्या सहाव्या पिढीच्या हातीं आहे. श्पेत्सिआल हें घर १५३६ पासूनचें. त्याच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगास, आणखी एक बिअर करणारें घर आहे. परंतु एकाची बिअर दुसऱ्यासारखी लागत नाहीं, आणि बाम्बेर्गकर मनुष्य आपलें घर सहसा बदलत नाहीं. आपल्याकडे पूर्वीं कुळाचा वैद्य ठरलेला असे, त्यांतलाच हा प्रकार.

बिअरची कृति सांगावयाची तर आपल्याच स्वयंपाकघरापासून आरंभ करणें सोयीचें. लहान मुलास नाचणीचें सत्त्व द्यावयाचें असतां आपण काय करतों? नाचणी भिजवितों, तिला मोड आणतों, वाळवितों, किंचित भाजतों आणि दळतों. मोड आल्यानें धान्यांतील पिठूळ अंशाची साखर होण्याची तयारी होते व तें लेंकरास पचतें. जवावर हाच संस्कार केला म्हणजे त्यास माल्ट म्हणतात. तें भरडून ऊन पाण्यांत ठेवलें कीं पाणी गोड होतें. त्या गोड पाण्यांत हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडसर फुलें घालून तें उकळतात, निववितात, आणि विरजण लावावें तसें त्यांत यीस्ट घालून आंबवितात. यीस्ट साखर खातें, आणि त्या साखरेचें मद्यार्क व फेस आणणारा वायु बनतो. किती दिवस, किती थंड जागीं, कोणत्या भाजणीचा माल्ट, यांवर सर्व भेद अवलंबून असतात.

यांतील धान्य वाळविण्याच्या पायरीवर बाम्बेर्गची कीर्ति उभी आहे. जेथें ऊन बेताचें तेथें ओलें धान्य वाळवावयास विस्तव हाच उपाय. आणि विस्तव आला कीं धूर आलाच. म्हणून कांहीं शतकांपूर्वीं युरोपांतील बहुतेक बिअरला थोडाबहुत धुराचा वास असे. पुढें इंग्लंडांत सतराव्या शतकांत दगडी कोळशाचा कोक वापरूं लागले; एकोणिसाव्या शतकांत धूर नळीवाटे बाहेर जावा व धान्यास नुसती ऊन हवा लागावी अशा भट्ट्या सर्वत्र झाल्या. वास गेला, आणि तो गेला याचा बहुतेकांस आनंदच झाला. बाम्बेर्गमध्यें मात्र श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनीं बीच नांवाच्या वृक्षाच्या लांकडांचा उघडा जाळ विझूं दिला नाहीं. त्यांनीं नवें कांहीं शोधून काढलेलें नाहीं. शेजाऱ्यांनीं जें सोडलें तें त्यांनीं सोडलें नाहीं, इतकेंच. आज अमेरिकेपासून जपानपर्यंत हातानें, थोडी थोडी बिअर करणाऱ्या लोकांचा जो नवा संप्रदाय निघाला आहे, त्यांतील कित्येकजण हीच धुरकट बिअर चाखावयास व तिची रीत समजून घ्यावयास या गांवीं येतात. शिवाय याच शहरांत वायरमान नांवाचें, १८७९ सालीं स्थापन झालेलें माल्ट करणारें घर आहे. त्याच्या लाल विटांच्या इमारतींतून शंभराहून अधिक देशांस माल्ट जातो.

येथें आमच्या घराविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. त्यांवांचून पुढील मजकूर नुसता चैनीचा वाटेल. आमच्या सांगलीच्या एकत्र कुटुंबांत मद्यास थारा नाहीं. हा नियम शास्त्राधारें आला असें आम्ही बाहेर सांगतों. वास्तविक तो १९६८ सालीं आला. माझे धाकटे काका मुंबईस एका कचेरींत नोकरीस होते. १९४९ च्या कायद्यानें आलेली दारूबंदी तेव्हां राज्यांत जारी होती, आणि तरीही हातभट्टीची दारू मिळत असे. काका ती चोरून घेत. घरांतील कोणींही त्यांना पितांना पाहिलें नाहीं. तांदुळाच्या कणगीमागें काकूस बाटली सांपडली ती ते गेल्यानंतर. यकृताच्या विकारानें पस्तिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला, तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. काकू आज शहाऐंशीं वर्षांच्या आहेत. आमच्या घरांतील नियम हा त्यांच्यासाठीं आहे. त्याला दुसरा आधार शोधण्याची आम्हांस कधीं गरज वाटली नाहीं.

जांवयांच्या स्वयंपाकघरांत एका फळीवर बिअरच्या चार बाटल्या उभ्या होत्या. आम्ही येणार म्हणून त्यांनीं त्या हलविल्या नव्हत्या. पहिल्याच संध्याकाळीं माझी दृष्टि तिकडे गेली, आणि ती गेली हें त्यांनीं पाहिलें. ते म्हणाले, "अण्णा, आठवड्यांतून एक-दोनदां मी घेतों. तुम्हांला खटकत असेल तर तुम्ही आहांत तोंवर घेणार नाहीं. पण बाटल्या खालीं नेऊन ठेवीन आणि तेथें जाऊन घेईन, असें मात्र माझ्याकडून व्हायचें नाहीं."

मला यावर तात्काळ उत्तर सुचलें नाहीं. सौ. म्हणाली, "आधीं सगळे जेवून घ्या." कन्या कांहीं बोलली नाहीं, ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला काकांची हकीकत ठाऊक आहे.

चार दिवसांनीं मींच विषय काढला. म्हटलें, "जांवईबापू, ही वस्तु या गांवचे लोक जेथें घेतात तें ठिकाण मला दाखवा. पाहिल्यावांचून मी हो म्हणणार नाहीं, आणि नाहीं देखील म्हणणार नाहीं."

त्याप्रमाणें एका गुरुवारीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही चौघेंही श्लेंकर्लामध्यें गेलों. हें घर कॅथीड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशीं आहे. पूर्वींचा एक मालक चालतांना हात हालवीत चाले, म्हणून बोलींतील त्या अर्थाच्या शब्दावरून घरास हें नांव पडलें, असें सांगतात. आंत काळ्या पडलेल्या तुळया, घांसून पांढरीं झालेलीं मेजें, आणि सर्व वयांचीं माणसें. एका मेजावर दोन वृद्ध स्त्रिया पत्ते खेळत होत्या. दुसऱ्यावर एक आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेचें दप्तर घेतलेली नात. लांकडी पिंपास तोटी ठोकलेली. त्यांतून बिअर केवळ स्वतःच्या भारानें खालीं येते, यंत्राचा दाब नाहीं. पेला अर्ध्या लिटरचा, आणि त्याच्या कांचेवर मापाची रेघ कोरलेली. वाढणारा मनुष्य प्रत्येक पेल्यामागें पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनें एक रेघ ओढतो व ती चकती मेजावर तशीच राहते. कोणीं किती घेतली हें जाणाऱ्या-येणाऱ्यास दिसतें.

बिअरचा रंग गर्द तपकिरी. जांवयांनीं एक पेला मागविला व आणखी एक रिकामा मागून त्यांत मला चार घोट ओतून दिले. तेथील लोक या वासाची तुलना धुरावर सुकविलेल्या मांसाशीं करतात, आणि तें ऐकून मी बिचकलोंच होतों. परंतु सौ.नें पेला हातीं घेऊन नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हें तर निखाऱ्यावर भाजलेलें वांगें!" तें तंतोतंत खरें होतें. भरिताचें वांगें, शेतावरचा हुरडा, चुलीवर लागलेलें दूध, या सर्वांचा जो एक वास आपल्या नाकांत लहानपणापासून बसला आहे, तोच तेथें होता. मागून किंचित गोडी आणि शेवटीं कडवटपणा. पहिल्या पेल्यावरून मत देऊं नये, ही चव कळावयास दोन-तीन खेपा लागतात, असें तेथें नवख्यास आवर्जून सांगतात. मीं चार घोटांवरच थांबलों. सौ.नें सफरचंदाचा रस घेतला व त्याबद्दल तिच्याकडे कोणीं वळूनही पाहिलें नाहीं. ही गोष्ट मला विशेष वाटली. कारण न पिणाऱ्यास जेथें संकोच वाटत नाहीं तेथें पिणाऱ्यासही लपण्याचें कारण उरत नाहीं.

मे महिना लागला आणि आमच्या घरमालकीणबाई आम्हांस एका रविवारीं म्हणाल्या, "आज आपण तळघरावर जाऊं." मला वाटलें, भाषांतरांत कांहीं चुकलें. तळघरांत उतरतात, तळघरावर जातात कसे? परंतु बाम्बेर्गमध्यें खरोखर असेंच म्हणतात. बिअर थंड राहावी म्हणून पूर्वींच्या लोकांनीं टेकड्यांच्या वालुकाश्मांत खोल भुयारें खोदलीं. वरची जमीन उन्हानें तापूं नये म्हणून तीवर घनदाट छायेचीं झाडें लावलीं. बिअर खालच्या भुयारांत, वर गर्द सावली; मग लोक त्या सावलींतच बांकें टाकून बसूं लागले. १८७० नंतरच्या दशकांत लिंडे यानें थंडावा निर्माण करणारें यंत्र सिद्ध केलें आणि भुयारांचें काम हळूहळू संपलें. परंतु झाडें राहिलीं, बांकें राहिलीं, आणि वर जाण्याची संवयही राहिली.

श्पेत्सिआलचें असें तळघर ज्या टेकडीवर आहे तेथून कॅथीड्रलचे चारही मनोरे समोर दिसतात. लोक घरून टोपल्यांत फराळ घेऊन येतात. बिअर तेवढी तेथली घ्यावयाची. या चालीचें मूळ १८१२ सालच्या एका राजाज्ञेंत आहे, असें सांगतात. बिअर करणाऱ्यांनीं आपल्या तळघरापाशीं बिअर विकावी, पण पावाखेरीज खाद्य विकूं नये, असा तंटा बव्हेरियाच्या राजानें म्यूनिकच्या खानावळवाल्यांच्या तक्रारीवरून तोडला होता. आम्हीं पोळीभाजी नेली होती. शेजारच्या बांकावरील कुटुंबानें मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या पुढें केल्या, आम्हीं त्यांस लिंबाचें लोणचें दिलें. चिजाचें एक मऊ कालवण तेथें पावाशीं खातात, सौ. तें घेणार इतक्यांत कन्येनें हात धरला, कारण त्यांतही पुष्कळदां थोडी बिअर घालतात. घरमालकीणबाईंचें वय पंचाहत्तरीपलीकडचें. त्यांनीं एक पेला घेतला, तो दोन तास पुरविला, आणि दुसरा विचारल्यावर हातानें पेला झांकला. त्यांचे यजमान हयात असतांना दोघें याच बांकावर बसत, असें त्यांनीं सांगितलें.

मर्यादेचा हा संस्कार आपोआप आला असें समजूं नये. त्यामागें कायद्याचा मोठा इतिहास आहे. १४८९ सालीं बाम्बेर्गच्या राजबिशपनें आज्ञा काढली कीं बिअरमध्यें माल्ट, हॉप्स आणि पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये. बव्हेरियाची याच स्वरूपाची सुप्रसिद्ध आज्ञा १५१६ ची. म्हणजे सत्तावीस वर्षें नंतरची, आणि बाम्बेर्गकर ही गोष्ट पाहुण्यास सांगावयास विसरत नाहींत. या आज्ञांत यीस्टचें नांव नाहीं. आंबण्याची क्रिया कोण घडवून आणतें याचा शास्त्रीय उलगडा पुढें एकोणिसाव्या शतकांत पाश्चर यानें केला. १५५३ सालीं बव्हेरियांत उन्हाळ्यांत बिअर करण्यासच बंदी झाली. २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत भट्टी बंद, कारण उष्ण हवेंत माल नासे. म्हणून मार्च महिन्यांत जराशी कडक बिअर करून ती भुयारांत ठेवीत, आणि त्या महिन्याचें नांव तिला अजून आहे. काय घालावें, केव्हां करावी, किती मापानें द्यावी, हें सर्व ठरलेलें. ज्याला आपण स्वैराचाराची खूण समजतों त्या वस्तूभोंवतीं या लोकांनीं एवढें कुंपण घातलें आहे.

आपल्या पूर्वजांसही ही विद्या अज्ञात नव्हती. मनूनें ब्राह्मणास सुरा निषिद्ध केली हें आपण जाणतों. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक संबंध प्रकरण आहे हें सहसा कोणी सांगत नाहीं. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार तेथें दिले आहेत. ज्याची सचोटी ठाऊक आहे अशासच थोड्या मापानें सुरा बाहेर नेऊं द्यावी असें म्हटलें आहे, आणि उत्सव व यात्रा यांच्या वेळीं चार दिवस ती करण्याची मोकळीकही दिली आहे. तांदुळाची सुरा आंबविण्यास जें द्रव्य लागे त्यास तेथें 'किण्व' म्हटलें आहे. आज शाळेच्या पुस्तकांत आपण ज्या क्रियेस किण्वन म्हणतों तिचें नांव त्याच धातूच्या शब्दावरून बनलेलें आहे. विद्या गेली, शब्द तेवढा राहिला. मधल्या काळांत आपल्याकडे या वस्तूचें स्थान बदललें. ती पडद्याआड गेली, तिच्या दुकानास 'परमिट रूम' असें नांव मिळालें, आणि पिणें म्हणजे काळोखांत पिणें अशी समजूत रूढ झाली. अलीकडे जागेवरच बिअर करणारीं लहान उपाहारगृहें आपल्याकडेही निघालीं आहेत. त्यांतील पहिल्यांपैकीं एक २००९ सालीं पुण्यांत सुरू झालें, आणि त्याचें 'डुलाली' हें नांव आमच्या नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून आलें आहे. तरुण मंडळी तेथें उजेडांत बसतात. यांतून कोणतें वळण लागेल हें काळच ठरवील.

माझें लिहिणें वाचून कोणीं असें मात्र समजूं नये कीं बाम्बेर्गमध्यें मद्यानें आपला स्वभाव सोडला आहे. मद्यार्क हा कर्करोगास कारण होतो असें जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनसंस्थेनें १९८८ सालींच ठरविलें आहे. मद्यपानामुळें होणारे मृत्यु जर्मनींतही दरवर्षीं हजारोंनीं मोजतात. शनिवारीं रात्रीं पुलावर झिंगलेल्या तरुणांच्या टोळ्या आम्हीं पाहिल्या, आणि रेल्वे स्टेशनाशेजारीं एकटाच बाटली घेऊन बसणारा एक मनुष्य आम्हांस रोज दिसे. त्याच्या चकतीवर रेघ ओढणारें कोणी नव्हतें. धुराची बिअर आणि त्याच्या हातांतील बाटली या दोहोंतील मद्यार्क एकच. भेद आहे तो भोंवतालच्या माणसांचा.

आणि तीं माणसेंच आतां कमी होत आहेत. जर्मन लोक पूर्वींपेक्षां बिअर कमी पितात, ही आरोग्याच्या दृष्टीनें चांगलीच गोष्ट. परंतु तिचा फटका आधीं बसतो तो लहान घरांस. फ्रांकोनियाच्या खेड्यांतून अनेक जुनीं घरें बंद पडत आहेत. मुलगा किंवा मुलगी शहरीं नोकरीस जाते, पहाटे चारला उठून कढईखालीं जाळ घालावयास कोणी राहत नाहीं, आणि दोनतीनशें वर्षांची भट्टी एका पिढींत थंड होते. घाण्याचें तेल, हातसडीचे तांदूळ, जात्यावरचें पीठ यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. वस्तु मोठ्या कारखान्यांतून स्वस्त मिळतच राहते. तिच्याभोंवतीं जमणारें मेज मात्र मोडतें, आणि मग पिणाऱ्यास घरच्या कोपऱ्यांत एकट्यानें बाटली उघडावी लागते. बाम्बेर्गच्या ज्या वृद्ध गृहस्थांशीं माझें बोलणें झालें, त्यांस बिअर संपेल याची भीति नव्हती. ही गोष्ट होईल याची होती.

आम्ही जुलैच्या आरंभीं सांगलीस परतलों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं काकूंनीं मला आपल्या खोलींत बोलाविलें. प्रथम मुलीची खुशाली विचारली, तेथें भाजी मिळते का, थंडी कितपत, हें विचारलें. मग किंचित थांबून म्हणाल्या, "जांवई घेतात का रे?"

मीं म्हटलें, "घेतात, काकू. आठवड्यांत एक-दोनदां. जेवणाच्या मेजावर, सगळ्यांच्या समोर."

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "समोर घेतात ना? तुझे काका माझ्यासमोर कधींच घेत नसत. घेतली असती, तर मी भांडलें तरी असतें."

यावर मला बोलण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि त्यांनाही उत्तराची अपेक्षा नव्हती.

आमच्या घरचा नियम आहे तसाच आहे, व काकू आहेत तोंवर तो तसाच राहील. जांवई दिवाळींत येतात तेव्हां तो ते न सांगतां पाळतात. त्यांच्या घरीं फळीवरील बाटल्या जागच्या जागीं असतात, व तेथें गेल्यावर आम्हीही त्यांच्या मेजावर बसतों. दोन घरांच्या दोन रीति एकमेकींस सांभाळून राहूं शकतात, एवढें आम्हां चौघांस त्या तीन महिन्यांत कळलें. वाचकांपैकीं कोणास मुलाबाळांकडे त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर बाम्बेर्गला दोन दिवस अवश्य द्यावेत. मे-जूनच्या एखाद्या संध्याकाळीं डबा बरोबर घेऊन तळघरावर जावें. बिअर घेतलीच पाहिजे असें मुळींच नाहीं. सफरचंदाचा रस उत्तम मिळतो. पेला नाकापाशीं नेऊन धुराचा वास मात्र एकदां घ्यावा. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांतून जो निघून गेला तो तेथें अजून आहे.